टेस्टोस्टेरॉन : औषध एक, दारे अनेक

वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल आता घरबसल्या मोबाइलवर येतो. साखर, कोलेस्टेरॉल, ब-१२, ड जीवनसत्त्व या ओळखीच्या रकान्यांच्या खाली अलीकडच्या वर्षांत आणखी एक रकाना दिसू लागला आहे. 'टोटल टेस्टोस्टेरॉन'. 'पुरुषांचे आरोग्य' अशा नावाच्या पॅकेजमध्ये ही चाचणी आपोआप येते. ग्राहकाने ती मागितलेली असतेच असे नाही. आकडा ठळक अक्षरांत आणि शेजारी खाली वळलेला बाण. चाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीला खिळलेल्या, रात्री एक वाजता झोपणाऱ्या आणि सदैव थकलेल्या माणसाला तो बाण म्हणजे आपल्या साऱ्या थकव्याचे उत्तर वाटू लागतो. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की हा कागद घेऊन जायचे कुणाकडे?

गोंधळ येथूनच सुरू होतो. छातीत दुखले तर हृदयरोगतज्ज्ञ, नजर अधू झाली तर नेत्रतज्ज्ञ, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. टेस्टोस्टेरॉनचे तसे नाही. ठाणे किंवा पुण्यातील एखाद्या वर्दळीच्या रस्त्यावरील पाट्या वाचत गेले तर युरोलॉजिस्ट, एंडोक्रायनॉलॉजिस्ट, सेक्सॉलॉजिस्ट, वंध्यत्व निवारण केंद्र, 'अँटी-एजिंग' क्लिनिक आणि त्यांच्या अधेमधे दोन-तीन व्यायामशाळा असे चित्र दिसते. यातील प्रत्येक दारामागे टेस्टोस्टेरॉनचे नाव घेणारा कुणीतरी असतोच. औषध तेच असते. मात्र ते कुणाला द्यावे, कुणाला मुळीच देऊ नये आणि दिल्यानंतर कशावर नजर ठेवावी, याचे ज्ञान सगळ्या दारांमागे सारखे नाही.

हा प्रश्न आज अधिक तातडीचा होण्याचे कारण अमेरिकेत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या सर्व औषधांच्या माहितीपत्रकांत बदल करण्याचे आदेश दिले. हृदयविकाराच्या वाढीव धोक्याविषयीचा चौकटीतील मजकूर काढून टाकावा, असे त्यात म्हटले होते. ही बातमी समाजमाध्यमांवर 'टेस्टोस्टेरॉन सुरक्षित ठरले' अशा तीन शब्दांत फिरली. उरलेला आदेश फारसा कुणी वाचला नाही. त्याच आदेशाने सर्व उत्पादनांवर रक्तदाब वाढण्याचा इशारा छापणे बंधनकारक केले आणि केवळ वाढत्या वयामुळे कमी झालेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी हे औषध मान्य नाही, ही जुनी मर्यादा कायम ठेवली.

या निर्णयाला पार्श्वभूमी आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून थेट रुग्णाला औषधाची जाहिरात करता येते. 'लो टी' या दोन अक्षरी नावाखाली तेथे अनेक वर्षे मोहीम चालली. चाळिशीपुढील अमेरिकी पुरुषांत हे उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण २००१ मध्ये ०.८१ टक्के होते, ते २०११ मध्ये २.९१ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत तिपटीहून अधिक पुरुषांच्या वृषणांना अचानक विकार जडला, असे मानण्यास अर्थातच कुणी तयार नव्हते. २०१५ मध्ये प्रशासनाने हृदयविकार व पक्षाघाताच्या संभाव्य धोक्याचा इशारा छापावयास लावला आणि कंपन्यांना मोठी चाचणी घेण्यास भाग पाडले. 'ट्रॅव्हर्स' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या, ४५ ते ८० वयाच्या सुमारे ५,२०० पुरुषांपैकी अर्ध्यांना टेस्टोस्टेरॉनचे जेल व अर्ध्यांना औषधविरहित जेल देण्यात आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण अनुक्रमे ७ व ७.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. भीती बरीचशी निराधार ठरली, हे खरेच. पण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे, हे प्रकार अधिक आढळले. पुढच्या वर्षी त्याच चाचणीतून अस्थिभंगाची आकडेवारी आली, तीही अपेक्षेच्या उलट होती. हाडे मजबूत करणारे म्हणून ओळखले जाणारे संप्रेरक घेणाऱ्यांची हाडे अधिक मोडली होती.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. त्या चाचणीतील प्रत्येक पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन दोन वेगवेगळ्या दिवशी उपाशीपोटी मोजून कमी असल्याची खात्री केलेली होती आणि त्याला लक्षणेही होती. नियमित तपासणी, मात्रेचे समायोजन, रक्ताच्या चाचण्या हे सारे त्यात अंतर्भूत होते. ती सुरक्षितता केवळ औषधाची नाही, औषध देण्याच्या त्या पद्धतीचीही आहे. पॅकेजच्या एका कागदावरून, दुपारी चार वाजता जेवणानंतर काढलेल्या रक्ताच्या आकड्यावरून सुरू केलेल्या इंजेक्शनला तिचा आधार घेता येत नाही.

आधी निदान

त्यामुळे टेस्टोस्टेरॉन कोण देईल हा खरे तर दुसरा प्रश्न आहे. ते कमी का झाले, हे कोण शोधून काढील हा पहिला. आणि या पहिल्या प्रश्नाचे उत्तर वृषणांत असेलच असे नाही.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती एलएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते आणि त्याच्या हुकमानुसार वृषणे टेस्टोस्टेरॉन तयार करतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की हुकूम थंडावतो, कमी पडले की वाढतो. घराच्या गच्चीवरील टाकी आणि तळमजल्यावरचा पंप यांच्यासारखीच ही व्यवस्था आहे. टाकीत पाणी नाही एवढ्यावरून टाकी फुटली आहे की पंप बंद आहे, हे कळत नाही. ते कळण्यासाठी एलएच मोजावे लागते. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेले असेल तर दोष वृषणांत. लहानपणी पोटातच राहिलेली वृषणे, तरुणपणी गालगुंडाबरोबर आलेली वृषणांची सूज, कर्करोगावरील औषधे किंवा सुमारे ६५० पुरुषांमागे एकाला जन्मतः असणारा, पण बहुतेकांच्या कधीच लक्षात न येणारा क्लाइनफेल्टर सिंड्रोम, अशी त्याची कारणे असतात. याउलट टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढलेलेच नसेल, तर दोष वर, मेंदूच्या बाजूला आहे.

वरचा हा दोष दुर्लक्षिण्याजोगा नाही. पीयूषिका ग्रंथीवर कधी कधी प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ वाढते. ती बहुधा कर्करोगाची नसते. मात्र ती वाढत गेली तर डोळ्यांच्या नसांवर दाब येऊन दोन्ही बाजूंची कडेची नजर जाऊ लागते, डोके दुखते आणि टेस्टोस्टेरॉन घसरते. या रुग्णाला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन दिले तर काही दिवस उत्साह वाटतो, आकडाही सुधारतो आणि गाठ मात्र निवांत वाढत राहते. वास्तविक अशा बहुतेक गाठी गोळ्यांनी आक्रसतात आणि पुष्कळदा टेस्टोस्टेरॉन आपोआप पूर्ववत होते. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत शरीरात साठलेले लोह याच ग्रंथीला इजा करते. दीर्घकाळ घेतलेली अफूजन्य वेदनाशामके आणि स्टेरॉइड यांचाही परिणाम येथेच होतो.

यात गोम अशी आहे, की बाहेरून टेस्टोस्टेरॉन सुरू केले की एलएच खाली जाते. म्हणजे औषध आधी आणि तपास नंतर असा क्रम झाला, तर पुढचा डॉक्टर कितीही निष्णात असला तरी त्याच्या हाती पुरावा उरत नाही. मूळ आजार कोणता होता हे पाहण्यासाठी औषध थांबवून कित्येक महिने वाट पाहावी लागते. पहिले दार चुकले तर किंमत अशी मोजावी लागते.

आकड्याचा विश्वास किती

टेस्टोस्टेरॉनचा आकडा हा साखरेच्या आकड्याइतकाच, किंबहुना अधिक चंचल असतो. सकाळी तो सर्वाधिक असतो आणि दुपारनंतर उतरतो. तरुणांत हा फरक अधिक. जेवणानंतर तो खाली येतो. तापातून उठलेल्या माणसाचा तो तात्पुरता घसरलेला असतो. आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलेल्या निरोगी तरुणांचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि शेवटची लोकल पकडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी आणि युरोलॉजी असोसिएशन या दोन्ही संस्थांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकांनी सकाळच्या वेळी, दोन स्वतंत्र दिवशी चाचणी करावी असे म्हटले आहे. लक्षणे नसतील तर नुसत्या आकड्यावर उपचार करू नयेत, याविषयीही दोघींचे एकमत आहे. युरोलॉजी असोसिएशनने कमी कशाला म्हणावे यासाठी ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेषा आखली आहे.

आपल्याकडील काही प्रयोगशाळा हाच आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात. तेथे ३०० ऐवजी ३ असे छापलेले असते आणि इंटरनेटवर वाचून आलेला माणूस हादरून जातो. लठ्ठ व्यक्तींत आणखी एक पेच असतो. टेस्टोस्टेरॉनला रक्तातून वाहून नेणारे प्रथिनच त्यांच्यात कमी असते. त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, प्रत्यक्ष वापरता येणारे टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते. हा हिशेब मांडण्याची सवय ज्याला आहे, तो डॉक्टर पुढची चाचणी मागतो. ज्याला नाही, तो चिठ्ठी लिहितो.

खरी कमतरता किती जणांना असते? युरोपातील आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. कमी आकडा आणि त्याच्या जोडीला ठरावीक तीन लैंगिक लक्षणे अशी कसोटी लावल्यावर ते प्रमाण २.१ टक्के निघाले. मधुमेहींत चित्र वेगळे आहे. अमेरिकेतील बफेलो येथे डॉ. परेश दांडोना यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवून दिले, की त्यांनी तपासलेल्या टाइप-२ मधुमेही पुरुषांपैकी एक तृतीयांशांचे टेस्टोस्टेरॉन कमी होते, आणि त्यातील बहुतेकांचा दोष वृषणांत नसून वरच्या बाजूला होता. मधुमेहाचा एवढा मोठा भार वाहणाऱ्या देशात या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आपल्याकडे हा कागद घेऊन येणारे पुष्कळ जण मधुमेही असतील, हे उघड आहे.

कोणते दार

संप्रेरकांचा आजार हा अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाचा, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टचा प्रांत. एम.डी. मेडिसिन झाल्यावर तीन वर्षांचा डी.एम. एंडोक्रायनॉलॉजी किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी, असे त्याचे शिक्षण असते. पीयूषिका ग्रंथी, थायरॉइड, मधुमेह आणि टेस्टोस्टेरॉन यांना एका सूत्रात पाहणे हेच त्याचे काम. पौगंडावस्था लांबलेला मुलगा, डोकेदुखीसह कमी झालेला आकडा, मधुमेह वा लठ्ठपणा, थॅलेसेमिया, लिंगबदलासाठी संप्रेरके घेऊ इच्छिणारे पारलिंगी पुरुष, या सर्वांनी पहिले पाऊल येथेच टाकणे श्रेयस्कर. अडचण एवढीच, की या तज्ज्ञांची संख्या तोकडी आहे आणि आहेत ते मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. मुंबईत महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे रांग मोठी असते, परंतु इंजेक्शन विकण्यात तेथील कुणाचे हित गुंतलेले नसते, हा लाभही लहान नाही.

युरोलॉजिस्ट हा मूलतः शल्यचिकित्सक. एम.एस. नंतर एम.सीएच. युरोलॉजी ही त्याची वाट. वृषणांतील गाठ, फुगलेल्या शिरा, प्रोस्टेटच्या तक्रारी, लघवीचा अडथळा असेल तर तोच हवा. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन सुरू करण्यापूर्वी प्रोस्टेटची तपासणी व पीएसए चाचणी आवश्यक ठरते आणि ती वाढलेली निघाली तर एंडोक्रायनॉलॉजिस्टही रुग्णाला त्याच्याकडेच पाठवितो. पुरुष प्रजननाचे शास्त्र म्हणजे अँड्रॉलॉजी. त्यात विशेष काम करणारे आपल्याकडे बहुधा युरोलॉजिस्टच असतात. मात्र पाटीवर 'अँड्रॉलॉजिस्ट' असे लिहिलेले असले, तरी त्याखालची मूळ पदवी वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

सेक्सॉलॉजिस्ट हा शब्द अधिक निसरडा आहे. सेक्सॉलॉजी नावाची स्वतंत्र एम.डी. आपल्याकडे आधुनिक वैद्यकात नाही. हे काम गांभीर्याने करणारे डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ असतात, त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ असतात, कधी फिजिशियन असतात. लैंगिक तक्रार संप्रेरकाची नसून ताण, नैराश्य किंवा दांपत्यातील बेबनावाची असेल, तर त्यांचा उपयोग इतर कुणापेक्षाही अधिक होतो, हे नाकारता येणार नाही. परंतु लोकल डब्यात चिकटवलेल्या पत्रकावरचा 'सेक्सॉलॉजिस्ट' आणि हे डॉक्टर यांना एकच नाव वापरावे लागते, ही मोठीच विटंबना आहे. वास्तविक लैंगिक क्षमता वाढवून देण्याच्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी घातलेली आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला. पत्रकांवरचा गोंद अजून ओला आहे.

'अँटी-एजिंग' ही मान्यताप्राप्त वैद्यकीय शाखाच नाही. तेथे पदवी कोणाची, हे विचारल्याशिवाय पायरी चढू नये.

आणि नेहमीचा फॅमिली डॉक्टर? त्याला वगळण्याचे कारण नाही. सकाळी उपाशीपोटी दुसरी चाचणी, तिच्यासोबत एलएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, साखर आणि रक्तगणना एवढे तो सांगू शकतो. पुष्कळांचा प्रवास दुसऱ्या अहवालावरच संपतो. कारण आकडा व्यवस्थित निघतो.

मूल हवे आहे का?

या साऱ्या विषयात सर्वांत मोठे नुकसान ज्या एका प्रश्नाच्या अभावी होते, तो प्रश्न अवघ्या पाच शब्दांचा आहे. पुढे मूल हवे आहे का?

टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषत्व आणि पुरुषत्व म्हणजे संतती, असे समीकरण लोकांच्या मनात असते. ते उलटे आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच दोन्ही थांबविते आणि ती थांबली की वृषणांतील शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, अनेकांत पूर्ण बंद होते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनांची चाचणी चक्क पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागी झालेल्या बहुसंख्य पुरुषांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत शून्यावर आले होते. औषध थांबविल्यावर ते बहुतेकांत परत येतात, पण त्याला वेळ लागतो. गर्भनिरोधनाच्या अशा चाचण्यांचा २००६ मध्ये घेतलेला एकत्रित आढावा सांगतो, की सहा महिन्यांत दोन तृतीयांश, वर्षभरात नव्वद टक्के आणि उरलेल्यांना दोन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागते. हे आकडे मुळात निरोगी असलेल्या पुरुषांचे आहेत. ज्याचे शुक्रजंतू आधीच कमी होते, त्याच्यासाठी ते लागू धरता येत नाहीत.

आता समजा, पस्तिशीतला एक पुरुष आहे. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. घरातल्यांच्या रेट्याने पत्नीच्या सोनोग्राफी, रक्तचाचण्या, नळ्यांची तपासणी असे सारे झाले. आपल्याकडे क्रम हाच असतो. दरम्यान थकव्यासाठी म्हणून पतीने कुणाच्या तरी सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू केली. तो अधिक उत्साही झाला, वजनही उचलू लागला. सर्वांना वाटते, गुण आला. वर्षभराने कुणी तरी वीर्यतपासणी सांगतो आणि अहवालात शून्य येते. पत्नीचे वय या काळात थांबून राहिलेले नसते.

हे अज्ञान केवळ गल्लीतल्या भोंदूंचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील युरोलॉजिस्टांची एक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या पुरुषाला वंध्यत्वावरील उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन देऊ, असे त्यातील सुमारे २५ टक्के डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणजे योग्य शाखेचा डॉक्टर निवडणे पुरेसे नाही. त्या शाखेतील हे विशिष्ट काम करणारा निवडावा लागतो. मूल हवे असलेल्या आणि खरोखरच कमतरता असलेल्या पुरुषांसाठी एचसीजीची इंजेक्शने किंवा एफएसएच यांसारखे, वृषणांना आतून काम करावयास लावणारे उपचार आहेत. ते जाणणारा एंडोक्रायनॉलॉजिस्ट वा अँड्रॉलॉजीत मुरलेला युरोलॉजिस्ट गाठणे, हाच येथे मार्ग.

व्यायामशाळांतील तरुणांची कथा याच यंत्रणेची आहे, फक्त मात्रा अनेक पटींनी मोठ्या. 'सायकल' संपते, प्रशिक्षक पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो आणि विशीतला मुलगा थंडावलेली पीयूषिका, आक्रसलेली वृषणे व खरोखरीचे कमी टेस्टोस्टेरॉन घेऊन घरी बसतो. त्याने डॉक्टरांपुढे काय घेतले ते लपविले, तर निदान चुकणार हे ठरलेलेच. असा मुलगा समोर आला असता उपदेश न करता ऐकून घेणारा डॉक्टर मिळणे, ही त्याची निम्मी चिकित्सा होय.

पहिल्या भेटीतच कळते

एखाद्याचे ज्ञान सामान्य माणसाने कसे जोखावे? पदवीची खातरजमा करता येते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत डॉक्टरांचा शोध घेण्याची सोय आहे. पण पदवीपलीकडचे बरेच काही पहिल्या भेटीतच उघड होते.

एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या टेबलाच्या खणात कधी कधी अंडाकृती मण्यांची एक माळ असते. बारा मणी, एकापेक्षा एक मोठे, एक ते पंचवीस मिलिलिटर आकारमानाचे. अँड्रिया प्राडर या स्विस डॉक्टरच्या नावाने ती ओळखली जाते. वृषणांचे आकारमान या मण्यांशी ताडून पाहतात. प्रौढ पुरुषात ते साधारणतः पंधराच्या पुढे असते. ते चार-पाचच निघाले तर क्लाइनफेल्टरची शंका तिथल्या तिथे येते. त्यासाठी ना यंत्र लागते ना वीज, लागते फक्त रुग्णाला तपासण्याची तयारी. कपडे न उतरविता, स्तनांची वाढ, दाढीमिशी, वृषणे काहीही न पाहता, मोबाइलवरच्या कागदाकडे बघून टेस्टोस्टेरॉन लिहून देणारा डॉक्टर कोणत्याही शाखेचा असो, तो योग्य नव्हे. व्हिडिओवरून होणाऱ्या सल्लामसलतीची मर्यादाही नेमकी येथेच आहे.

योग्य डॉक्टर घोरण्याविषयी विचारतो, कारण झोपेत श्वास अडकण्याचा विकार या उपचाराने बळावू शकतो. तो रक्ताचा दाटपणा पाहतो. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात आणि हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांपुढे गेले तर औषध थांबवावे लागते. ही शक्यता कागदोपत्री नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे हजार जाडजूड पुरुषांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन वर्षे इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी २२ टक्के पुरुष कधी ना कधी ही रेषा ओलांडून गेले. औषधविरहित इंजेक्शने घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्का होते. त्याच चाचणीत मधुमेह जडण्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, हेही सांगितले पाहिजे. मात्र सर्वांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिलेला होता आणि मधुमेह टाळण्यासाठी म्हणून हे औषध सर्रास देण्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी त्यातून काढलेला नाही.

अमेरिकेच्या युरोलॉजी असोसिएशननेच नमूद केले आहे, की तेथे हे उपचार घेणाऱ्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत पुरुषांची आधी चाचणीच झालेली नसते आणि जवळपास निम्म्यांची उपचार सुरू झाल्यावर पातळी मोजली जात नाही. जेथे हे सर्व नियम लिहिले गेले, तेथली ही अवस्था. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी कोणत्या चाचण्या करावयाच्या, हे पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून देणारा डॉक्टर असेल तर निम्मी निवड तेथेच झाली असे समजावे. औषध त्याच्याच काउंटरवरून, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून घ्यावयाचे असेल, तर दुसरे मत घेण्यास संकोच करू नये.

पुष्कळदा हा डॉक्टर औषध देतच नाही. वजन उतरले, मधुमेह ताब्यात आला, झोप सुधारली, की वरच्या बाजूने घसरलेले टेस्टोस्टेरॉन थोडेबहुत सावरते. फी देऊन रिकाम्या हाताने परतल्यासारखे वाटते खरे. पण सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करण्यास सांगणे हाही उपचाराचाच भाग असतो.

आणि औषध ठरलेच, तर कोणत्या रूपात घ्यावयाचे हा प्रश्न उरतो. तेलातील जुन्या प्रकारची इंजेक्शने दोन-तीन आठवड्यांनी घ्यावी लागतात. त्यात सुरुवातीचे दिवस उधाणाचे आणि शेवटचे ओहोटीचे जातात. दीर्घ पल्ल्याचे इंजेक्शन सुरुवातीच्या मात्रेनंतर दहा ते चौदा आठवड्यांनी पुरते, परंतु ते सावकाश द्यावे लागते आणि नंतर रुग्णाला काही वेळ थांबवून ठेवावे लागते. जेल रोज खांद्यावर चोळावयाचे असते, पातळी समान राहते, सुई टळते. त्याचा धोका वेगळा आहे. ते लावलेल्या त्वचेशी लहान मुलांचा संपर्क आला तर संप्रेरक त्यांच्या शरीरात शिरते. मुलांमध्ये अकाली पौगंडाची लक्षणे दिसू लागल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या प्रशासनाने २००९ मध्ये त्याविषयी चौकटीतील इशारा छापावयास लावला. दोन खोल्यांच्या घरात, बापाच्या खांद्यावर डोके ठेवून झोपणारे मूल असेल, तर जेल लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी घरात कोण कोण आहे, हे विचारावयास हवे.